सशर्त ग्रीन कार्डाची मुदत संपत आली आहे आणि मी सोलापुरात आहे: आय-७५१ अर्जाबाबत मार्गदर्शन हवे

विजापूर रस्ता, सोलापूर (प्रश्न)

नमस्कार. माझे लग्न सोलापुरातच झाले. पती अमेरिकेचे नागरिक आहेत आणि आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ आयर्व्हिंग येथे राहतो. मी तिकडे पहिल्यांदा उतरले त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नव्हती, त्यामुळे मला मिळालेले ग्रीन कार्ड सीआर-१ प्रवर्गातील, म्हणजे दोनच वर्षांचे आणि सशर्त आहे. येत्या मार्चअखेर त्याची मुदत संपते, आणि त्यावरची अट काढून घेण्यासाठी आय-७५१ हा अर्ज करायचा आहे. दिवाळीनंतर वडिलांची बायपास झाली म्हणून मी सध्या माहेरी आहे, आणि गड्ड्याची यात्रा उरकून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तरी येथून निघणे होईल असे वाटत नाही.

अडचण कागदपत्रांची आहे. पतींनी फ्लॅट लग्नाआधीच भाड्याने घेतला होता आणि त्याचा करार दरवर्षी त्यांच्या एकट्याच्या नावाने वाढत गेला. वीज, इंटरनेट, मोटारीचा विमा हे सगळे त्यांच्याच नावावर आहे. त्यांच्या क्रेडिट कार्डाच्या खात्यावर माझ्या नावाचे एक जादा कार्ड आहे, पण संयुक्त बँक खात्याचा विषय कधी निघालाच नाही, कारण आमच्या दोन्ही घरांत पैशाचे व्यवहार पुरुषांनी पाहण्याची पद्धत आहे आणि मला नोकरी नसल्यामुळे त्यात कोणाला काही खटकलेही नाही. ठळकपणे माझे नाव आहे ते दोनच ठिकाणी, एक पतींच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात आणि दुसरे दोघांनी मिळून भरलेल्या प्राप्तिकर विवरणपत्रात.

येथील एका व्हिसा एजंटाच्या मते लग्नाचा अल्बम, व्हिडिओचा पेन ड्राइव्ह, लग्नपत्रिका आणि पाच नातेवाइकांची पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर केलेली प्रतिज्ञापत्रे जोडली की काम होते. सासूबाईंचे म्हणणे निराळेच आहे. एकदा मूल झाले की सरकार पुढचे काही विचारत नाही, असे त्या सांगतात. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मी येथे असताना अर्ज पाठवता येईल का? परत जाताना विमानतळावर अडवतील का? आणि संयुक्त मालमत्ता जवळपास नसताना पुरावा म्हणून नेमके काय द्यावे?

दक्षिण कसबा, सध्या न्यू जर्सी

ताई, हा अर्ज मुळात कशासाठी असतो ते आधी पाहू, म्हणजे एजंटाचे कुठे चुकते आहे ते आपोआप लक्षात येईल. केवळ ग्रीन कार्डासाठी केलेली खोटी लग्ने रोखावीत म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने १९८६ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि ताज्या लग्नावर आधारलेले वास्तव्य पहिली दोन वर्षे सशर्त ठेवले. तुमचे लग्न झाले आहे की नाही, हे मुंबईच्या वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीच्या वेळीच तपासून झालेले आहे. आता अधिकाऱ्याला पाहायचे आहे ते लग्नानंतरचे, म्हणजे तुम्ही दोघे एका छपराखाली राहिलात का, पैसा एकमेकांच्या उपयोगी पडला का, जबाबदाऱ्या वाटून घेतल्या का. अल्बम कितीही जाडजूड असला तरी तो लग्नाच्या एकदोन दिवसांचाच पुरावा आहे. त्यातली चारपाच छायाचित्रे पुरेत. बाकीची छायाचित्रे आयर्व्हिंगच्या घरातली, सहलींची आणि सासू-सासरे तिकडे आले असतील तर त्यांच्यासोबतची द्या.

मुदतीबाबत सांगायचे तर दोघांनी मिळून करायचा अर्ज कार्डाची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांतच पाठवावा लागतो. त्याआधी पाठवलेला अर्ज परत येतो, आणि मुदत उलटून गेल्यावर पाठवला तर उशीर का झाला याचे सबळ कारण लेखी द्यावे लागते. अर्जच केला नाही तर वास्तव्याचा दर्जा आपोआप संपुष्टात येतो. तुमच्या बाबतीत डिसेंबरच्या अखेरीस हा कालावधी सुरू होईल. कार्डावरची तारीख पाहून ९० दिवस मोजा, ढोबळमानाने तीन महिने धरू नका. शुल्क १ एप्रिल २०२४ पासून ७५० डॉलर आहे आणि बोटांच्या ठशांचे शुल्क त्यातच आले. कागदी धनादेश आता घेत नाहीत, तेव्हा कार्डाने किंवा थेट बँक खात्यातून पैसे देण्याचा अधिकृत फॉर्म अर्जासोबत जोडावा लागेल. अर्ज टपालानेच जातो, आणि कोणत्या राज्यातून कोणत्या पत्त्यावर पाठवायचा ते यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, संकेतस्थळावर पाठवण्याच्या दिवशीच पाहावे, कारण हे पत्ते बदलत असतात.

आता पुराव्याकडे वळू. तुमच्याकडे दोनच कागद आहेत असे तुम्ही लिहिले आहे, पण ते दोन कागद हलके नाहीत. विवरणपत्राची स्वतः काढलेली प्रत न जोडता अमेरिकी कर खात्याकडून, म्हणजे आयआरएसकडून, अधिकृत उतारा मागवा. तो विनामूल्य मिळतो आणि त्यावर दोघांनी विवाहित म्हणून एकत्र विवरणपत्र भरल्याची नोंद असते. आरोग्य विम्यासाठी विमा कंपनीकडून दोघांची नावे आणि तुमचा विमा कोणत्या तारखेपासून सुरू झाला हे लिहिलेले पत्र घ्यावे. डॉक्टरकडे गेल्याचे हिशेब तुमच्या नावाने त्याच घरच्या पत्त्यावर आले असतील, तर तेही ठेवा.

भाडेकरारावर तुमची सही नाही म्हणून तुमचे नाव त्यात कुठेच नाही, असे धरून चालू नका. बऱ्याच अपार्टमेंटच्या करारात सही करणाऱ्या भाडेकरूखेरीज घरात राहणाऱ्यांची वेगळी यादी असते. पतींना तो करार पानन् पान पाहायला सांगा. यादीत नाव असेल तर ते पान रंगीत पेनने खूण करून जोडा. नसेल तर कार्यालयाकडून आजपासून नाव घालून घ्या आणि त्यांच्या नोंदीनुसार तुम्ही कधीपासून तेथे राहता याचे पत्र मागा. मोटारीच्या विम्याच्या पहिल्या पानावरही गाडी चालवणाऱ्यांची नावे असतात. तुमच्याकडे टेक्सासचा वाहन परवाना असेल तर त्यावरचा पत्ता आणि पतींच्या परवान्यावरचा पत्ता एकच असणे, एवढ्यानेही बरेच काम होते.

क्रेडिट कार्डाचे मासिक हिशेब मात्र माझ्या मते तुमचा सर्वांत चांगला पुरावा आहेत आणि त्यांच्याकडे तुमचे दुर्लक्ष झाले आहे. काही बँकांच्या हिशेबपत्रकात जादा कार्डाचा खर्च कार्डधारकाच्या नावाखाली वेगळा दाखवलेला असतो. तुमच्या नावाखाली भारतीय किराणा दुकान, औषधे, दिवाळीची खरेदी अशा नोंदी, आणि त्याची फेड दर महिन्याला पतींच्या खात्यातून, हे चित्र दोन वर्षांतल्या वेगवेगळ्या महिन्यांच्या हिशेबांतून उभे केले, तर एका उत्पन्नावर चालणारा संसार अधिकाऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जोडीला एक पानाचे पत्र द्या: पत्नी नोकरी करत नाही, व्यवहार पती पाहतात, म्हणून बहुतेक खाती त्यांच्या नावावर आहेत. यात लाजण्यासारखे किंवा लपवण्यासारखे काही नाही. पतींच्या ४०१-के निवृत्ती खात्यात वारसदार म्हणून तुमचे नाव असेल, तर त्याचाही उतारा घ्या.

प्रतिज्ञापत्रांबाबत एजंटाने जे सांगितले त्यावर पैसे घालवू नका. अर्जाच्या सूचनांप्रमाणे सशर्त वास्तव्य मिळाल्यापासून तुम्हा दोघांना ओळखणाऱ्या आणि तुमच्या संसाराची स्वतःला माहिती असलेल्या किमान दोन व्यक्तींची निवेदने चालतात. सोलापुरातल्या पाच काकांपेक्षा आयर्व्हिंगचे शेजारी किंवा पतींचे सहकारी जास्त उपयोगाचे. तुमच्याकडे येऊन राहिलेल्या सासूबाई लिहू शकतात, मात्र त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहावे. निवेदनात लिहिणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ, तुमच्याशी असलेले नाते आणि ही माहिती त्याला कशी मिळाली, हे सविस्तर हवे. आपल्याकडच्या मुद्रांकाला तिकडे काही किंमत नाही. मजकूर खरा असून तो खोटा ठरल्यास अमेरिकेच्या कायद्यानुसार शिक्षेस पात्र राहीन, अशा विहित वाक्याखाली केलेली सही भारतातूनही ग्राह्य धरली जाते. आणि हे सारे इतर पुराव्याला आधार म्हणूनच असते, केवळ निवेदनांवर अर्ज मंजूर होईल या भरवशावर राहू नये.

मुलाच्या जन्माचा दाखला चांगला पुरावा आहे, एवढेच सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. मूल असले तरी अर्ज करावाच लागतो आणि प्रश्नही विचारले जातात.

जुळे सोलापूर

वरील उत्तरात प्रवासाचा भाग राहिला आहे, तो मी पूर्ण करतो. माझी सून नुकतीच याच अवस्थेत ये-जा करून गेली आहे.

अर्ज पाठवताना अर्जदार अमेरिकेत असलाच पाहिजे, अशी अट नाही. दोघांच्या सह्या मात्र लागतात. तुम्ही अर्जाचे सहीचे पान येथे छापून शाईच्या पेनने सही करा, ते स्कॅन करून पतींना पाठवा आणि त्यांनी त्याची छापील प्रत अर्जात लावावी. हाताने केलेल्या मूळ सहीची अशी प्रत यूएससीआयएस स्वीकारते. संगणकावर टाइप केलेले नाव किंवा सहीचा शिक्का चालत नाही. मूळ सहीचा कागद जपून ठेवावा, तो मागवला जाऊ शकतो.

अर्ज पोहोचला की पोचपत्र येते. जानेवारी २०२३ पासून या पोचपत्राने कार्डाची वैधता मुदतीनंतर ४८ महिने वाढते, म्हणजे मुदत संपलेले कार्ड आणि हे पत्र दोन्ही मिळून नोकरी व प्रवासासाठी पुरतात. तुमच्या बाबतीत आणखी एक सोयीची गोष्ट आहे. तुम्ही फेब्रुवारीच्या मध्यात निघालात तर कार्डाची मुदत अजून संपलेलीच नसेल, त्यामुळे विमानतळावर पत्राचा प्रश्नच येणार नाही. वडिलांच्या प्रकृतीमुळे मुक्काम एप्रिलपर्यंत लांबला तरच पत्र हवे, आणि तेव्हा मूळ पत्रच हवे. ते आयर्व्हिंगच्या पत्त्यावर येईल. पतींनी ते कुरिअरने सोलापूरला पाठवावे आणि ते हातात पडल्याशिवाय तिकिटाची तारीख पक्की करू नये. मुंबईला चेक-इन करणाऱ्या कर्मचाऱ्याने सुनेचे मुदत संपलेले कार्ड पाहून लगेच मान हलवली होती. तिने पत्र पुढे केले, त्यातल्या मुदतवाढीच्या ओळीवर बोट ठेवले आणि कार्डावरचा क्रमांक पत्रावरच्या क्रमांकाशी जुळवून दाखवला, तेव्हा त्याने वरिष्ठांना विचारून बोर्डिंग पास दिला. पत्र फोनमध्ये असते तर ती त्या दिवशी सोलापूरला परत आली असती असे माझे मत आहे.

बोटांच्या ठशांसाठी बोलावणे आले आणि तारीख तुमच्या परतण्याआधीची असली, तर ती तारीख उलटण्यापूर्वी कारण देऊन बदलून घ्या. न कळवता गैरहजर राहणे अर्जाला घातक ठरते. काही वेळा पूर्वीचेच ठसे वापरले जातात आणि तसे पत्र येते. एकूण मुक्काम सहा महिन्यांच्या आत ठेवावा. एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास हे पत्र उपयोगी पडत नाही. पतीसोबत राहणाऱ्या पत्नीला पुढे नागरिकत्वाचा अर्ज तीन वर्षांनी करता येतो आणि ती वर्षे सशर्त कार्डाच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यासाठीही लांबलेली गैरहजेरी अडचणीची ठरते.

अशोक चौक

चर्चेचा विषय हाच असल्यामुळे येथेच विचारतो. माझ्या मावसबहिणीचेही असेच दोन वर्षांचे कार्ड आहे आणि तीही टेक्सासचीच, पण तिचे नवऱ्याशी पटले नाही. ती बरेच महिने सोलापुरात आहे. नवरा म्हणतो, मी सही करणार नाही, बघू तू कशी परत येतेस. घरचे म्हणतात, कार्ड वाचवायचे तर पड खाऊन नांदायला जा. त्याच्या सहीवाचून दुसरा मार्ग खरोखरच नाही का?

एक वकील, सोलापूर

मार्ग आहे, आणि नवऱ्याच्या सहीसाठी कोणत्याही स्त्रीने नांदायला जाण्याची गरज नाही. अमेरिकेचे इमिग्रेशन प्रकरण आपण तेथील परवानाधारक वकिलाकडेच द्यावे, कारण तेथे बाजू मांडण्याचा अधिकार येथल्या एजंटांना नाही. तरीही सर्वसाधारण चौकट सांगतो.

त्याच आय-७५१ अर्जात जोडीदाराच्या सहीची अट माफ करावी, अशी विनंती करता येते. लग्न खऱ्या हेतूने झाले होते पण घटस्फोटाने संपले, हे एक कारण. लग्न खऱ्या हेतूने झाले होते पण पतीने मारहाण केली किंवा अतोनात मानसिक क्रौर्य केले, हे दुसरे. यासाठी घटस्फोट झालेला असण्याची आवश्यकता नाही. देशाबाहेर काढल्यास असह्य हालअपेष्टा होतील, हे तिसरे. जोडीदाराचा मृत्यू झाला असेल तर त्याचीही स्वतंत्र तरतूद आहे. अशा अर्जाला ९० दिवसांची मर्यादा लागू होत नाही, तो मुदतीपूर्वी केव्हाही करता येतो. पुरावा मात्र तोच लागतो जो वर न्यू जर्सीच्या सदस्यांनी सांगितला आहे, म्हणजे संसार झाला त्या काळातले कर, विमा, पत्ता, हिशेब. तुमच्या बहिणीने आपल्या ईमेलमधून आणि बँकेच्या ॲपमधून हे कागद आजच उतरवून घ्यावेत. नवऱ्याने पासवर्ड बदलले की ते हाती लागत नाहीत, हे मी कौटुंबिक दाव्यांत वारंवार पाहतो.

घटस्फोटाच्या कारणावर अर्ज करायचा तर अंतिम हुकूमनामा लागतो; दावा प्रलंबित असताना अर्ज केल्यास पुढे तो सादर करण्यासाठी पत्र येते आणि उत्तराला ठरावीकच मुदत मिळते. येथे दोन देशांचे कायदे एकमेकांत गुंततात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तर आधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिन्यांचा कालावधी असतो. तो सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. पण अडवणूक करणारा नवरा संमती देईल, असे धरता येत नाही, आणि एकतर्फी दावा येथे वर्षानुवर्षे चालू शकतो. टेक्सासमध्ये दावा दाखल झाल्यापासून साधारणपणे ६० दिवसांची प्रतीक्षा असते. त्यासाठी पती-पत्नीपैकी एकाचे त्या राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत (तिकडच्या जिल्ह्यात) ९० दिवस वास्तव्य लागते. इमिग्रेशनसाठी तेथील हुकूमनामा पुरतो. तो भारतात मान्य होईलच असे मात्र नाही. हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर आणि पत्नी स्वेच्छेने हजर न राहता मिळवलेला परदेशी घटस्फोट येथे बंधनकारक नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल आहे. त्यामुळे नवऱ्याने तेथे दावा लावल्याची नोटीस सोलापूरच्या पत्त्यावर आली तर ती टेबलाच्या खणात ठेवून देऊ नका. तेथे हजर व्हायचे की नाही, हा निर्णय दोन्हीकडच्या वकिलांना विचारूनच घ्या.

तुमची बहीण अमेरिकेबाहेर येऊन एक वर्ष होण्यापूर्वी परतली पाहिजे. त्याहून जास्त काळ बाहेर राहण्यासाठी पुनःप्रवेशाचा परवाना हवा असला तरी त्यासाठीचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो.

विजापूर रस्ता, सोलापूर

सर्वांचे आभार. पतींनी करार पाहिला. राहणाऱ्यांच्या यादीत माझे नाव लग्नानंतरच्या पहिल्याच नूतनीकरणापासून आहे. क्रेडिट कार्डाचे हिशेब ते काढत आहेत. आता दोन शंका उरल्या. संयुक्त खाते आम्ही या महिन्यात उघडले, तर अर्जासाठी मुद्दाम उघडले असे वाटेल का? आणि पतींच्या नावाने सासऱ्यांनी येथून लिहिलेली मराठी पत्रे आहेत, ज्यांत माझ्या तेथील दिनक्रमाचा उल्लेख आहे. ती जोडता येतील का?

दक्षिण कसबा, सध्या न्यू जर्सी

खाते जरूर उघडा आणि उघडल्याची खरी तारीख दिसू द्या. फक्त तेच कागद पुढे करून मुख्य पुरावा म्हणून मिरवू नका. दोन वर्षांच्या हिशेबांच्या मागे ते लावा. अर्जाचा निर्णय व्हायला बराच काळ लागतो, आणि मध्ये आणखी पुरावा मागणारे पत्र आले किंवा मुलाखतीला बोलावले तर तोपर्यंत त्या खात्यात कित्येक महिन्यांचा संयुक्त व्यवहार जमलेला असेल. वीजबिलावर नाव घालायचे असेल तर तेही आताच घाला. मागील तारखेचे काहीही करून घेऊ नका, कोणी करून देतो म्हणाला तरी.

पत्रे जोडता येतील, पण दोन-तीनच निवडा. प्रत्येकाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर लागेल आणि त्याखाली भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचे आणि आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावे लागेल. त्यासाठी नोटरी लागत नाही. तुम्ही किंवा पतींनी ते करू नये. दोन्ही भाषा चांगल्या जाणणारा ओळखीचा कोणीही चालेल. लग्नाचा नोंदणी दाखला मराठीत असेल, तर त्यालाही हाच नियम.

पाकीट पाठवण्याआधी पतींना सगळ्या पानांची एक प्रत स्कॅन करून तुम्हाला पाठवायला सांगा. मुलाखत झालीच तर दोघांनी तीच पाने वाचून जावे लागते.